वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या मालकीची उपाहारगृहे: नवख्या मराठी खवय्यांसाठी मार्गदर्शक

नोकरी किंवा शिक्षणासाठी वॉशिंग्टन डी.सी. आणि लगतच्या व्हर्जिनिया-मेरीलँडच्या उपनगरांत येणारे मराठी कुटुंब पहिल्या महिन्याभरात भारतीय किराणा कुठे मिळतो, डोसा कुठे बरा मिळतो आणि थाळीला कुठे जावे याची माहिती काढून मोकळे होते. हे स्वाभाविकच आहे. मात्र पुढची कित्येक वर्षे हीच तीन-चार ठिकाणे आणि एखादे इटालियन किंवा थाई हॉटेल एवढ्यावरच आपले बाहेरचे खाणे थांबते, आणि ज्या समाजाने हे शहर घडवले त्याच्या स्वयंपाकघराशी आपली ओळखच होत नाही. १९७० च्या सुमारास या शहरातील ७० टक्क्यांहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते. २०२० च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवर आले असले, तरी कृष्णवर्णीयांच्या मालकीची उपाहारगृहे आजही शहरभर आहेत, आणि त्यांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्यांच्या जेवणापासून इथिओपिया, घाना, जमैका आणि त्रिनिदादच्या जेवणापर्यंत सर्व काही मिळते.

अशी ठिकाणे कशी शोधावीत, तिथे काय मागवावे, शाकाहारी माणसाने काय विचारून घ्यावे आणि कसे वागावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. माझे मुख्य सांगणे एकच आहे: पाटीवरचे नाव किंवा ताटातला पदार्थ पाहून नव्हे, तर गल्ला कोणाचा आहे हे पाहून जागा निवडावी, आणि जी आवडेल तिथे पुन्हा पुन्हा जावे.

आधी मालकीचे महत्त्व समजून घ्या

या शहरात कृष्णवर्णीयांनी दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करणे ही गोष्ट फार जुनी आहे. अवघड होते ते त्या स्वयंपाकाचे मालक होणे आणि इतरांच्या बरोबरीने टेबलाशी बसणे. जेम्स वर्मली या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने १८७१ मध्ये पंधराव्या रस्त्यावर स्वतःचे हॉटेल उघडले आणि त्याच्या पाककौशल्यामुळे बडे राजकारणी तिथे उतरू लागले. त्याच सुमारास, म्हणजे १८७२ आणि १८७३ मध्ये, सभ्यपणे वागणाऱ्या कोणत्याही ग्राहकाला उपाहारगृहांनी सेवा दिलीच पाहिजे, असे कायदे शहरात मंजूर झाले. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या वर्षी अमेरिकेतील गुलामीविरोधी सदाचारी लोकांना अर्पण केला, तेही १८७३ हेच वर्ष होते. पुण्यात त्या लढ्याची अशी जाण ठेवली जात होती. वॉशिंग्टनमधील ते कायदे मात्र पुढे कधी रद्द न होताही विस्मरणात गेले आणि शहरातील बहुतेक उपाहारगृहांची दारे कृष्णवर्णीयांना बंद झाली.

ती उघडण्याचे मोठे श्रेय कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेरी चर्च टेरेल यांना जाते. १९५० मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्या सहकाऱ्यांसह चौदाव्या रस्त्यावरील थॉम्पसन कॅफेटेरियात गेल्या. तिथे त्यांना जेवण नाकारण्यात आले. त्यातून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि ८ जून १९५३ रोजी न्यायालयाने तो विस्मृतीत गेलेला जुना कायदा अजूनही लागू असल्याचा निर्णय दिला. राजधानीतील उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना हक्काने बसता येऊ लागले ते तेव्हापासून, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या हयातीत. बंदीच्या त्या काळात ज्यांनी स्वतःच्या समाजासाठी हॉटेले चालवली, त्यांनी जेवणाबरोबर सन्मानाने बसण्याची जागाही दिली होती. त्यामुळे या शहरात ‘मालक कोण’ हा प्रश्न भोचकपणाचा ठरत नाही.

ही पार्श्वभूमी डोळ्यांनी पाहायची असेल, तर नॅशनल मॉल या शहराच्या मध्यभागीच्या विस्तीर्ण हिरवळीलगत २०१६ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक दिवस काढावा. प्रवेश विनामूल्य आहे, पण वेळेचा पास आधी घ्यावा लागतो. तिथल्या ‘स्वीट होम कॅफे’मध्ये शेतीप्रधान दक्षिण, क्रिओल किनारा (दक्षिणेचा समुद्रकाठचा भाग), उत्तरेकडील राज्ये आणि पश्चिम अशा विभागांनुसार पदार्थ मांडलेले असतात. एकाच समाजाच्या जेवणात प्रदेशागणिक किती फरक पडतो, हे तिथे तासाभरात ध्यानात येते.

यादी करा आणि ती पडताळून पाहा

सुरुवात मोबाइलवरून करावी. ‘ईटओक्रा’ हे ॲप २०१६ पासून केवळ कृष्णवर्णीयांच्या मालकीची उपाहारगृहे शोधण्यासाठीच आहे. २०२० पासून गूगल आणि येल्पवरही व्यावसायिकांना आपल्या नोंदीत मालकीची अशी खूण लावता येते. शहरात आणि आसपासच्या परिसरात दरवर्षी ‘ब्लॅक रेस्टॉरंट वीक’ साजरा होतो. त्या वेळी सहभागी हॉटेलांची जी यादी प्रसिद्ध होते, ती जपून ठेवली तर वर्षभर उपयोगी पडते.

यादी हाती आली की पडताळणी करावी. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण ॲपवरील खूण मालकाने स्वतः लावलेली असते आणि ज्यांनी ती लावलेली नाही अशी कित्येक जुनी दुकाने यादीत येतच नाहीत. हॉटेलच्या संकेतस्थळावर मालकांची माहिती बहुधा असते, ती वाचावी. नावावर विसंबू नये. ‘बसबॉईज अँड पोएट्स’ या शहरातील लोकप्रिय कॅफेचे नाव लँगस्टन ह्यूज या थोर कृष्णवर्णीय कवीवरून ठेवलेले आहे, कारण तरुणपणी ते वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात टेबले आवरण्याचे काम करत. कॅफेचे संस्थापक अँडी शलाल मात्र इराकी-अमेरिकन आहेत. जागा चांगली आहे आणि तिथे जरूर जावे, पण आपल्या यादीत ती बसत नाही.

पदार्थावरूनही मालकी कळत नाही. तळलेले चिकन आणि त्यावर गोड-आंबट लालसर ‘मंबो सॉस’ ही वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांची खास आवड आहे, परंतु ती विकणारी अनेक छोटी ‘कॅरी-आउट’ (जेवण बांधून देणारी) दुकाने चिनी किंवा कोरियन स्थलांतरित कुटुंबांची आहेत. म्हणून दुकानाची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. तोच सॉस बाटलीत भरून विकण्याचा ‘कॅपिटल सिटी’ हा व्यवसाय अर्शा जोन्स या कृष्णवर्णीय उद्योजिकेने २०११ मध्ये सुरू केला, आणि ती बाटली घरी आणणे हाही या शोधाचाच भाग समजावा.

यादीत तीन गट स्पष्टपणे वेगळे ठेवावेत: पिढ्यान् पिढ्या अमेरिकेत असलेल्या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांची हॉटेले, आफ्रिकेतून गेल्या पन्नास वर्षांत आलेल्या स्थलांतरितांची हॉटेले आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांची हॉटेले. या तिघांचा इतिहास, भाषा आणि ताट निराळे आहे. सर्वांना एकाच नजरेने पाहणे म्हणजे कोल्हापूर, कोची आणि कोलकाता यांना एकच समजण्यासारखे आहे, आणि त्याने आपलेच नुकसान होते.

निघण्यापूर्वी फोन करून हॉटेल चालू आहे का, वेळा काय आहेत आणि बसून खाण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. या शहरात भाडी चढी आहेत आणि छोटी हॉटेले जागा बदलतात किंवा बंद होतात. या लेखातील नावांनाही हे लागू आहे.

यू स्ट्रीटपासून सुरुवात करा

पहिल्या भेटीसाठी यू स्ट्रीटइतका योग्य भाग दुसरा नाही. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर यू स्ट्रीट स्थानक आहे, आणि तिथे गाडी लावायला जागा मिळणे कठीण असल्याने मेट्रोनेच जावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा रस्ता ‘ब्लॅक ब्रॉडवे’ म्हणून प्रसिद्ध होता. थोर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन याच परिसरात वाढले. १९२२ मध्ये उभारलेले लिंकन थिएटर आजही तिथे आहे, आणि त्याच्या शेजारीच ‘बेन्स चिली बोल’ आहे.

महबूब बेन अली आणि व्हर्जिनिया अली यांनी २२ ऑगस्ट १९५८ रोजी हे हॉटेल एका जुन्या मूकपट-गृहाच्या इमारतीत सुरू केले. बेन अली हे त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेले, हॉवर्ड विद्यापीठात शिकायला आलेले. व्हर्जिनिया या ग्रामीण व्हर्जिनियातून आलेल्या, कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या इंडस्ट्रियल बँकेत काम करणाऱ्या. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटले आणि संचारबंदी लागू झाली. त्या रात्रींत उघडे राहण्याची परवानगी मिळालेले हे हॉटेल होते, आणि तिथे आंदोलक, पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोक एकाच काउंटरवर जेवले. पुढे मेट्रोच्या बांधकामासाठी रस्ता वर्षानुवर्षे खणलेला होता. १९९१ मध्ये स्थानक सुरू होईपर्यंत आजूबाजूचे कित्येक व्यवसाय बुडाले, पण हे टिकले. २००४ मध्ये त्याला खाद्यक्षेत्रातील नामांकित जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज् क्लासिक्स’ पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २००९ मध्ये शपथविधीच्या काही दिवस आधी बराक ओबामा तिथे जेवून गेले.

तिथे मागवायचा तो ‘हाफ-स्मोक’. भरड दळलेल्या मांसाचा, धुरावलेला हा जाडसर सॉसेज लोखंडी तव्यावर भाजतात, वाफवलेल्या पावात घालतात आणि वर मोहरीचा सॉस, चिरलेला कच्चा कांदा आणि दाट तिखट चिली (खिम्याचा रस्सा) ओततात. यात डुकराचे आणि गाईचे मांस दोन्ही असते, तेव्हा जे ही मांसे खात नाहीत त्यांनी फोनवर किंवा काउंटरवर आधीच चौकशी करावी. शाकाहारींसाठी तिथे मांसविरहित चिलीही मिळते. गर्दी नसेल तेव्हा, म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, काउंटरच्या स्टुलावर बसावे. तिथून तवा समोर दिसतो, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांशी चाललेले बोलणे कानावर पडते.

तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर, फ्लोरिडा ॲव्हेन्यू आणि अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, १९४४ मध्ये सुरू झालेले ‘फ्लोरिडा ॲव्हेन्यू ग्रिल’ आहे. दक्षिणी पद्धतीची न्याहारी ही त्याची ओळख आहे: मक्याच्या कण्या शिजवून केलेले ग्रिट्स, अंडी, बिस्किटे (ही आपली खारी-गोड बिस्किटे नव्हेत, तर मऊ, लोण्याचे छोटे पाव असतात) आणि सफरचंद. १९६८ पासूनचे ‘हेन्रीज सोल कॅफे’ रताळ्याच्या पायसाठी नावाजलेले आहे. उपवासाच्या रताळ्याखेरीज रताळे ज्यांनी फारसे खाल्लेले नाही, त्यांनी दालचिनी-जायफळ घातलेला हा गोड पदार्थ अवश्य चाखावा. त्यात अंडे असते, हे ध्यानात ठेवावे.

शाकाहारींनी काय विचारावे

‘सोल फूड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दक्षिणी जेवणात भाज्यांची रेलचेल असते, आणि नवख्या शाकाहारी माणसाची फसगत नेमकी तिथेच होते. कोलार्ड या गडद हिरव्या पालेभाजीत डुकराचे किंवा टर्कीचे धुरावलेले हाड घालून ती तासभर शिजवण्याची पद्धत आहे. चवळी आणि घेवडा यांतही तेच असू शकते. मक्याच्या पावात कधी कधी चरबी असते, आणि भातावरील ग्रेव्ही तर बहुधा मांसाचीच असते. त्यामुळे “यात मांस आहे का?” असा प्रश्न पुरेसा ठरत नाही. “ही भाजी कशात शिजवली आहे? मांसाचे पाणी, हाड किंवा चरबी वापरली आहे का?” असे स्पष्ट विचारावे. या प्रश्नाचे कोणी वाईट मानत नाही, कारण धर्मामुळे किंवा प्रकृतीमुळे डुक्कर न खाणारे लोक त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतही भरपूर असतात. चीज-मॅकरोनी, शिजवलेले गोड रताळे, कोबी आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर यांवर पोटभर जेवण होऊ शकते.

पूर्ण निर्धास्तपणे खायचे असेल, तर हॉवर्ड विद्यापीठाजवळ जॉर्जिया ॲव्हेन्यूवर असलेल्या ‘नुव्हेगन कॅफे’त जावे. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या या ठिकाणी दक्षिणी जेवणातले सारे ओळखीचे पदार्थ मांस, अंडी आणि दुधाशिवाय बनवलेले असतात. आमच्या घरातील कडक शाकाहारी ज्येष्ठांना मी या जेवणाची ओळख तिथूनच करून दिली.

इथिओपियन ताट: येथे सवडीने जा

मराठी माणसाला सर्वांत लवकर आपलेसे वाटेल असे जेवण या शहरात इथिओपियनांकडे मिळते, असे माझे ठाम मत आहे. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी यांची सत्ता लष्कराने उलथवली. त्यानंतरच्या दडपशाहीतून सुटलेले हजारो लोक, विशेषतः १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर, वॉशिंग्टन परिसरात स्थायिक झाले. आज अमेरिकेतील सर्वांत मोठ्या इथिओपियन वस्त्यांपैकी एक येथे आहे. नववा रस्ता आणि यू स्ट्रीट यांच्या परिसरात ‘डुकेम’ आणि ‘चेर्चेर’, तर ईशान्येकडील एच स्ट्रीटवर ‘इथिओपिक’ ही परिचित नावे आहेत. मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग आणि व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया या उपनगरांतही कितीतरी हॉटेले असल्यामुळे शहरात न जाताही हे जेवण घेता येते.

पहिल्या खेपेला ‘बेयाइनेतू’ मागवावे. हे अनेक भाज्यांचे एकत्र ताट असते. मोठ्या गोल थाळ्यावर इंजेरा पसरलेला असतो. तो टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून, एकाच बाजूने भाजून केलेला असतो. त्याची वरची बाजू बारीक छिद्रांनी भरलेली आणि चव आंबट असते. त्यावर वर्तुळाकार ढीग मांडतात: लाल तिखट बेरबेरे मसाल्यातील मसुरीची डाळ ‘मिसिर वत’, हळदीची सौम्य पिवळी डाळ ‘किक अलिचा’, कोलार्डची परतलेली भाजी ‘गोमेन’, कोबी-बटाटा-गाजराची ‘अतकिल्त’, फरसबीची ‘फोसोलिया’. मधोमध ‘शिरो’ येतो. तो भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा इतर डाळीच्या मसालेदार पिठाचा असून लसूण-कांद्यावर घोटून शिजवलेला असतो. मातीच्या भांड्यात रटरटत आलेला शिरो पाहून पिठल्याची आठवण न येणारा मराठी माणूस विरळा. सोबत गुंडाळलेले इंजेरा वेगळे देतात. त्याचा तुकडा उजव्या हाताने तोडून त्यातच भाजी चिमटीत धरून खायची असते. काटा-चमचा मागू नये, कारण हाताने जेवण्यात आपण मुळातच तरबेज आहोत. भाज्या संपल्यावर खालचा, रस शोषलेला इंजेरा उरतो. तो सर्वांत चविष्ट असल्याने टाकू नये.

जवळच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवण्याच्या प्रथेला तिथे ‘गुर्शा’ म्हणतात. यजमानाने किंवा इथिओपियन मित्राने घास पुढे केला तर तो प्रेमाने घ्यावा, नाकारू नये.

शाकाहारींसाठी एक महत्त्वाची बाब अशी की इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासकाळात मांस, अंडी व दुधाचे पदार्थ खात नाहीत. त्यामुळे त्यांच्या पाककलेत तेलावर केलेल्या डाळी-भाज्यांची मोठी परंपरा तयार झाली आहे. “उपवासाचे ताट द्या” म्हणजेच ‘त्सोम’ असे सांगितले की मसालेदार तूपही टळते. ज्यांना तूप चालते त्यांनी ‘नितेर किब्बे’ हे वेलदोडा, मेथी वगैरे घालून कढवलेले तूप असलेला शिरो जरूर मागवावा. गहू न चालणाऱ्यांनी इंजेरा केवळ टेफचा आहे का, हे विचारून घ्यावे, कारण अमेरिकेत त्यात गव्हाचे किंवा सातूचे पीठ मिसळण्याची पद्धत आहे. मांसाहारींनी ‘दोरो वत’ या चिकन व उकडलेल्या अंड्याच्या रश्शापासून आरंभ करावा. ‘कित्फो’ हा कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोमांसाचा पदार्थ असतो, हे माहीत असू द्यावे.

वेळ असेल तर शेवटी कॉफीचा विधी मागवावा. हिरव्या बिया समोर भाजतात, त्यांचा धूर पाहुण्यांपुढे फिरवतात आणि ‘जेबेना’ या मातीच्या भांड्यातून छोट्या कपांत कॉफी ओततात. अबोल, तोना आणि बरका अशा तीन फेऱ्या होतात. हा विधी सर्वच हॉटेलांत रोज होत नाही, तेव्हा फोनवर विचारावे.

हे नाते केवळ चवीपुरते नाही. आपल्या भाकरीची ज्वारी, बाजरी आणि नाचणी, शिवाय आपली चवळी, ही सारी पिके फार प्राचीन काळी आफ्रिकेतून आपल्याकडे आली. ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले तो मलिक अंबरही मूळचा इथिओपियाचाच होता. हॉटेलमालकांशी गप्पा जमल्या की मी हे आवर्जून सांगते, आणि त्यानंतर बोलणे कधी अडत नाही.

पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियन

घाना आणि नायजेरियाच्या हॉटेलांत टोमॅटो-मिरचीच्या रसात शिजवलेला जोलोफ भात सर्वांना आवडतो. शाकाहारींनी चवळी आणि भात एकत्र शिजवून केलेला ‘वाक्ये’ किंवा पाम तेलातली चवळी व तळलेली केळी असलेला ‘रेड रेड’ मागवावा, मात्र त्यात सुकट किंवा सुक्या मासळीची पूड नाही ना, याची खात्री करून घ्यावी. तिखट खरोखरच तिखट असते.

कॅरिबियन हॉटेले जॉर्जिया ॲव्हेन्यूवर पुष्कळ आहेत. १८४५ पासून त्रिनिदादमध्ये वेठबिगारीच्या करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनी तिथे ‘डबल्स’ रूढ केले: हळदीच्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या ‘बारां’मध्ये छोले आणि वर चिंचेची चटणी. हा पदार्थ पूर्ण शाकाहारी असून स्वस्तही असतो. जमैकन हॉटेलांत ‘इटल’ असे लिहिलेले पदार्थ रस्ताफारी या जमैकातील धर्मपंथाच्या परंपरेतले, मांसविरहित असतात.

नदीच्या पलीकडेही जा

ॲनाकोस्टिया नदीच्या पूर्वेला जाऊ नका, असे नव्याने आलेल्याला ओळखीचे लोक बजावून सांगतात. हे सांगणारे बहुतेक जण स्वतः तिकडे कधी गेलेले नसतात, आणि अशा ऐकीव भीतीचा सर्वांत मोठा फटका तिथल्या छोट्या हॉटेलांना बसतो. कोणत्याही मोठ्या शहरात घेतो तेवढी काळजी घ्यावी आणि दिवसा जावे. सकाळी फ्रेडरिक डग्लस यांचे टेकडीवरील घर पाहावे. गुलामीतून निसटून लेखक आणि वक्ते झालेले डग्लस १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे राहत होते. दुपारचे जेवण त्याच भागात घ्यावे. मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटी ही सुस्थितीतील कृष्णवर्णीय कुटुंबांची मोठी वस्ती असून, शहरातील भाडे न परवडलेले अनेक आचारी तिकडे गेले आहेत. यादी करताना शहराच्या हद्दीवर थांबू नये.

वागणे, बिल आणि पुढची भेट

आत शिरल्यावर काउंटरमागच्या व्यक्तीला आधी नमस्कार-चमत्कार करावा आणि मगच ऑर्डर द्यावी, विशेषतः जुन्या दक्षिणी वळणाच्या हॉटेलांत. थोरामोठ्यांना ‘मॅम’ किंवा ‘सर’ म्हणण्याची तिथे रीत आहे. परवानगी घेतल्याशिवाय माणसांची छायाचित्रे काढू नयेत. आपसात मराठीत बोलताना लोकांच्या रंगावरून त्यांचा उल्लेख करण्याची आपल्याकडची सवय पूर्णपणे सोडावी. भाषा कळली नाही तरी रोख कळतो, आणि सोबतची मुले तेच उचलतात. गर्दीच्या वेळी जेवण यायला उशीर झाला, तर ज्या दोघा-तिघांच्या जिवावर स्वयंपाकघर चालते त्यांचा विचार करून थोडे थांबावे.

बिलावर वॉशिंग्टनमध्ये जेवणासाठी १० टक्के कर लागतो. २०२२ च्या सार्वमतानंतर टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे नियम बदलल्यामुळे अनेक हॉटेले वेगळे सेवाशुल्कही लावू लागली आहेत. बिल नीट वाचून सेवाशुल्क नसेल तर १८ ते २० टक्के टिप ठेवावी, आणि असेल तर ते कर्मचाऱ्यांना मिळते का, हे नम्रपणे विचारावे. घरी मागवताना शक्यतो थेट हॉटेलला फोन करावा आणि स्वतः जाऊन जेवण आणावे, कारण घरपोच सेवा देणारी ॲप्स बिलातून मोठा वाटा घेतात.

जेवण आवडले तर त्याच आठवड्यात गूगलवर मराठी किंवा इंग्रजीत चार ओळी लिहाव्यात. शाकाहारींना काय मिळाले, भाजी कशात शिजवली होती, पार्किंग कुठे मिळाले, अशी उपयोगी माहिती त्यात द्यावी. हिशेबाने पाहता, एका कुटुंबाच्या रात्रीच्या जेवणापेक्षा पन्नास माणसांची ऑर्डर छोट्या हॉटेलाला किती तरी मोलाची असते. कार्यालयातले दुपारचे जेवण, मुलांचा वाढदिवस, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमीनंतरचे खाणे, अशा प्रसंगी इथिओपियन भाज्यांचे ट्रे फार सोयीचे पडतात, कारण एकाच जेवणात शाकाहारी, दूध न चालणारे आणि तिखट आवडणारे असे सगळे सामावतात. निदान आठवडाभर आधी सांगावे आणि थोडी आगाऊ रक्कम द्यावी. इंजेरा भाज्यांपासून वेगळा बांधून मागावा, माणशी दोनऐवजी तीन इंजेरा धरावेत, आणि वाढण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत त्याचे पुडके उघडू नये, नाहीतर कडा वाळतात.